बारावी पटाशी

सोमवार, ३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघे खुशाल आहोत. तुझ्या डाव्या मनगटाचे प्लास्टर शुक्रवारी निघाल्याचे वहिनींनी फोनवर सांगितले. पुढच्या तीन मिनिटांत तुझ्या लेकीच्या घरातले गळके नळ, तिच्या गच्चीतल्या कुंड्या आणि तुझे अर्धपोटी उठणे असे सर्व विषय झाले. मनगट पुन्हा कामाला येईल का, हा एकच विषय राहिला. मग तू फोन घेतलास, 'बरं' म्हणालास आणि परत त्यांच्या हाती दिलास. म्हणून हे पत्र. पत्राला 'बरं' म्हणून मधेच उठता येत नाही. वहिनी तुला ते मोठ्याने वाचून दाखवतील हे गृहीत धरून अक्षर सुवाच्य काढत आहे.

सांगण्यासारखी मोठी गोष्ट अशी, की माझ्याकडे धार लावण्याचे यंत्र आले आहे.

हसू नकोस. विमा कंपनीत एकतीस वर्षे मी लोकांचे अर्ज तपासले. एक रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. निरोपाच्या दिवशी सहकारी मला भिंतीवरचे घड्याळ देणार असल्याचा सुगावा लागताच मी मुख्य कारकुनाला गाठले आणि सांगितले, की घरात तीन घड्याळे आहेत व तिन्ही बरोबर चालतात. द्यायचेच असेल तर मला धार लावण्याचे यंत्र द्या. तो म्हणाला, "साहेब, जिभेला आहे तेवढी पुरत नाही का?" तरी त्याने आणले. फीत लावून.

दादा, काय वस्तू आहे. बुटांच्या खोक्याहून थोडी मोठी. एका बाजूला ताटलीएवढा चाकासारखा उभा दगड, दुसऱ्या बाजूला चामडे लावलेले चाक, मध्ये मोटर. दगडाचा खालचा भाग पाण्याच्या भांड्यात बुडलेला. बटण दाबले की दगड मिनिटाला नव्वद फेरे घेतो, म्हणजे घाई नाही, आवाज नाही, ठिणगी तर नाहीच. फिरता फिरता तो पाणी वर आणतो आणि ते पात्यावरून सतत वाहत राहते. त्यामुळे पोलाद तापत नाही, निळे पडत नाही, हत्याराचे पाणी उतरत नाही. ग्राइंडरवर एक चांगली पटाशी जाळल्याबद्दल आबांनी तुला दोन दिवस दुकानाबाहेर उभे केले होते, ते आठवले. हे यंत्र तेव्हा असते तर आबांना तुझ्यावर ओरडायला दुसरे काही शोधावे लागले असते.

पण खरी करामत पकडीची. पटाशी पकडीत बसवायची, स्क्रू आवळायचे, पकड दांडीवर ठेवायची. कोन किती हवा तो कोनमापकावर लावायचा. मी पंचवीस लावला. मग पटाशी नुसती डावी-उजवीकडे सरकवत राहायची. हात थरथरो, मन भरकटो, कोन पंचवीसच राहतो आणि कड काटकोनातच राहते. तू निसण्याच्या दगडावर आठाचा आकडा काढत, जीभ दातांत धरून जे अर्ध्या तासात करायचास, ते माझ्यासारख्याने सात मिनिटांत केले. मिनिटे मोजली आहेत.

धार आली हे कसे कळते ते तुला सांगायला नको, पण मला छप्पन्नाव्या वर्षी प्रथमच कळले, म्हणून सांगतो. पात्याच्या मागून अंगठा फिरवला, की केसासारखी बारीक कोर लागते. ती सबंध कडेला लागली, की दगडाचे काम संपले. मग चामड्याचे चाक, त्यावर थोडी पॉलिशची पेस्ट, आणि ती कोर गळून पडते. पाते आरशासारखे होते. माझ्या दोन नव्या पटाश्यांपैकी एकीत मला माझा चष्मा दिसला.

परीक्षा म्हणून मी मनगटावरचे केस काढून पाहिले. मग कोपरापर्यंतचे. ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, एक हात तुमचा आणि एक नातवाचा दिसतोय. दुसराही करून टाका, नाहीतर लोक विचारतील." त्यानंतर तिने स्वयंपाकघरातल्या सर्व सुऱ्या माझ्यापुढे ओतल्या. टोमॅटो आता सुरी बघूनच दोन होतो. दोन दिवसांत खालच्या मजल्यावरच्या बाई, समोरचा माळी आणि शिंपी असे तिघे येऊन गेले. शिंप्याला मी नम्रपणे परत पाठवले. कात्रीची पद्धत वेगळी आहे, आणि पुस्तिकेत नसलेले मी करत नाही.

तुझ्या दुकानाची खिडकी रोज सकाळी नऊ ते अकरा उघडतो. लाकडाला हवा लागते. बाकी तिथे सर्व जागच्या जागी आहे.

एक किरकोळ शंका. तू तुझ्या पटाश्यांच्या कडेला गुण्या लावून बघतोस का? म्हणजे कड काटकोनात आहे की नाही, ते? सहज विचारले. उत्तराची घाई नाही.

वहिनींना नमस्कार, पुतणीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ


मंगळवार, ११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. तुम्ही रविवारी, तेवीस तारखेला परत येत असल्याचे कळले. वहिनी पुढे असेही म्हणाल्या, की तू जेवताना सांगून टाकलेस: "गेलो की एकदा पटाशी धरून बघतो. हाताला जमलं नाही, तर हत्यारं कुणाला तरी देऊन टाकतो." हे त्यांनी अगदी हवापाण्याच्या सुरात सांगितले. त्या सुराची मला भीती वाटते.

त्यामुळे मागच्या पत्रात जे सहज विचारले, ते सहज नव्हते, हे आता सांगणे भाग आहे.

किल्ली देताना तू मला एकच काम दिले होतेस. खिडकी उघड, बाकी कशाला हात लावू नकोस, असे तू म्हणाला नाहीस. तू फक्त खिडकी म्हणालास. अर्जातल्या न लिहिलेल्या ओळीचा फायदा घेणारे लोक मी आयुष्यभर पाहिले. त्यांच्यात मी बसलो.

झाले असे, की यंत्र आल्यापासून माझ्या हातांना स्वस्थता नव्हती. दोन पटाश्यांना किती वेळा धार लावणार. एका सकाळी खिडकी उघडली, तेव्हा ऊन नेमके तुझ्या पटाश्यांच्या रांगेवर पडले. एक काढून कडेला गुण्या लावला. कड तिरपी. दुसरी काढली. तिरपी, त्याच बाजूला. तिसरीही. मला वाटले, दादाची नजर गेली आहे आणि तो कुणाला सांगत नाही. खरे सांगतो, मला वाईट वाटले आणि त्याच्या दुप्पट आनंद झाला. इतक्या वर्षांत तुझ्यासाठी मला करता येईल असे पहिले काम माझ्यासमोर रांगेत टांगलेले होते. तू परत आलास, की सगळी हत्यारे सरळ, लखलखीत, केस कापणारी. मी यंत्र उचलून तुझ्या बाकावर आणले.

पाच सकाळी लागल्या. अकरा पटाश्या आणि चार रंध्यांची पाती. प्रत्येक कड काटकोनात, प्रत्येक कोन पंचवीस. रंध्याची पाती तर मध्ये फुगीर आणि कोपऱ्यांना झिजलेली होती. तीही मी पट्टीसारखी सरळ केली. त्या पाच सकाळी मी शीळ घालत होतो. मला शीळ येते हे हिलाही ठाऊक नव्हते.

सहाव्या दिवशी शेजारचा पॉलिशवाला डोकावला. तोच तुझा जुना सोबती, हात कायम तपकिरी असणारा. मी मोठ्या अभिमानाने अंगठ्याएवढ्या रुंदीची पटाशी त्याच्या हाती दिली. त्याने ती उन्हात धरली, कडेवरून नजर फिरवली.

"धार काय लावलीय साहेब. पाण्यासारखी." मग त्याने रांगेकडे पाहिले. "ही हत्यारं कुणाची?"

"दादाची."

"नाहीत."

"अहो, मुठी बघा ना. त्याच्याच आहेत."

"मुठी त्याच्या आहेत." त्याने पटाशी हळूच खाली ठेवली. "तुम्ही दादाला जेवायला बसवलंत, ताट सुंदर मांडलंत, फक्त तोंड उचलून पाठीला लावलंत."

मग त्याने मला समजावले. तुझ्या डाव्या हाताची तर्जनी वरच्या पेरापासून नाही. पटाशीला दिशा द्यायला लोकांना तर्जनी असते, तुला मधले बोट वापरावे लागते, त्यामुळे पटाशी तुझ्या हातात कललेलीच राहते. म्हणून तू तेवढ्याच कलाने कड तिरपी लावतोस, म्हणजे हात कलला तरी कड लाकडावर सपाट बसते. "बोट गेल्यापासून तशीच लावतो तो," पॉलिशवाला म्हणाला. "मला वाटलं भावाला तरी माहीत असेल."

रंध्याचेही तेच. त्याने एक रंधा फळीवर फिरवून दाखवला. प्रत्येक हाताबरोबर पात्याचे दोन्ही कोपरे रुतले आणि फळीवर दोन रेघा उमटल्या, रुळांसारख्या. "तो फुगीरपणा झिजेचा नव्हता हो. तो त्यानं कमावला होता."

मी विचारले, "आता?"

तो म्हणाला, "आता काय. दादा येणार, पहिल्या सकाळी पटाशी धरणार, ती बसणार नाही. आणि तो हत्यारावर शंका घेणार नाही, ते त्याच्या रक्तात नाही. तो म्हणणार, हात गेला. मग दुकानाला कुलूप, आणि मी गप्पा मारायला जाऊ कुठे?"

दादा, तीन दिवस मी गप्प बसण्याचा विचार केला. तो सोपा होता, कारण तू स्वतःच्या हाताला दोष दिला असतास आणि माझे नाव कुठेच आले नसते. असा गप्प मी पूर्वी एकदा बसलो आहे. तो विषय या पत्राचा नाही.

या पत्राचा विषय एवढाच, की हत्यारे मी बिघडवली आहेत, आणि तेवीस तारखेपूर्वी मी ती होती तशी करणार आहे. कसे, ते अजून ठाऊक नाही, पण कालपासून डोक्यात काहीतरी घुमते आहे आणि ते भीतीसारखे मुळीच नाही. काल दुपारी मी जेवणाच्या टेबलाखाली झोपलो होतो. त्याचे कारण पुढच्या पत्रात.

तुझा धाकटा भाऊ


बुधवार, १९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र वहिनींना वाचायला देऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच. वहिनींना सांग, की धाकट्याने रंध्याच्या पात्याविषयी सात पाने लिहिली आहेत. त्या लगेच उठून जातील.

आधी टेबलाची हकिकत, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

रंध्याचा फुगवटा नेमका किती होता, हे कुठून कळणार? पाती मी सरळ करून बसलो होतो. तेव्हा आठवले, की आमच्या लग्नात तू दिलेले टेबल वरून गुळगुळीत आहे, पण खालची बाजू तू जाड रंध्याने फक्त सपाट केली होतीस. "खालून कोण बघणार," असे तू म्हणाला होतास. अठ्ठावीस वर्षांनी मी पाहिले. उताणा झोपून, हातात बॅटरी तिरपी धरून. आणि दादा, सगळे तिथे लिहिलेले होते. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझ्या रंध्याचे उथळ पन्हळ, एकाशेजारी एक, दोन बोटे रुंद, वाळूवर पाणी सरकून गेल्यासारखे. प्रत्येक पन्हळ म्हणजे पात्याच्या फुगवट्याचा ठसा. मी त्यावर आडवी पट्टी टेकवली आणि मधल्या फटीत कागद सरकवून पाहिला. एक कागद सैल गेला. दोन घट्ट गेले. तिसरा गेला नाही.

ही दारात येऊन उभी राहिली. "काय हरवलंय खाली?"

"दोन कागद सापडलेत," मी म्हणालो.

"मग बाहेर या आणि जेवा. टेबल वापरायचंय."

दोन कागदांएवढा फुगवटा. पकडीचे स्क्रू थोडे सैल ठेवले, पात्याच्या एका कोपऱ्यावर जोर देऊन दहा घासे, मग दुसऱ्या कोपऱ्यावर दहा, मधल्या भागाला हलका हात. चौथ्या प्रयत्नाला पॉलिशवाल्याच्या फळीवर जो पन्हळ पडला, तो आणि टेबलाखालचा मी कागद घालून ताडून पाहिला. एक सैल, दोन घट्ट, तिसरा नाही. मी पॉलिशवाल्याला मिठी मारली. माझा सदरा आता तपकिरी आहे.

पटाश्यांसाठी मात्र टेबल नव्हते. आणि इथून पुढचे मला घाईने लिहिता येत नाही.

परवा तू स्वतः फोन केलास. तू स्वतः फोन करून बोललास, असे शेवटचे कधी झाले ते मला आठवत नाही. तू नमस्कारही घेतला नाहीस. "पत्र वाचलं," म्हणालास. "अकरा लिहिलंयस. पटाश्या बारा आहेत. तुझी मोजणी चुकत नाही." मी म्हणालो, पत्रात लिहितो. त्यावर तू म्हणालास, "लिही. मी वाट बघतोय." किती दिवसांपासून, ते मी फोन ठेवल्यावर मोजले.

तर लिहितो. बारावी, लाल लाकडाच्या मुठीची, आबांनी तुझ्यासाठी केलेली. इतकी वर्षे घासून ती आता निम्मी उरली आहे, तरी मी ती मुठीवरून लगेच ओळखली. ती मी हातात घेतली, पकडीत बसवली, आणि मला बटण दाबता आले नाही. मी ती काढून परत जागेवर लावली आणि स्वतःला सांगितले, की अकरा पुरेत.

तू एकोणीस वर्षांचा होतास, मी तेरा. माझी लाकडी मोजपट्टी होती, जी मी झोपतानाही सोडत नसे आणि जिच्यावरून तू मला नाव ठेवलेस. तिच्यावरच्या रेघा पुसट झाल्या होत्या. मला त्या काळ्या करायच्या होत्या. दुकानात काळ्या रंगाचा डबा होता, त्याचे झाकण घट्ट बसले होते. आबा आणि तू मालाला गेला होतात. मी तुझी लाल मुठीची पटाशी घेतली, झाकणाखाली घातली आणि पिरगाळली. तीनदा. झाकण उघडले. पटाशीची कड वळली होती, एक कोपरा तुटला होता. मी पाते पुसले आणि रांगेत होते तिथे लावले. मग बसून सगळ्या रेघा काढल्या, प्रत्येक नेमक्या जागी.

दुसऱ्या सकाळी तू खाच करायला तीच घेतलीस. मी दारात उभा होतो, शाळेत निघालेलो. ती लाकडात जाईना. तू जोर लावलास. ती आणखी जाईना, तू आणखी जोर लावलास, आणि ती घसरली. धारदार हत्याराला जोर लागत नाही म्हणून ते घसरत नाही; बोथट घसरते. हे मला तेव्हा माहीत नव्हते, पण बोथट आहे हे माहीत होते. मला एवढेच म्हणायचे होते, "दादा, ही बोथट आहे, सांभाळून." पाच शब्द. तोंडापर्यंत आले होते. मग आबा विचारतील बोथट कशाने झाली, म्हणून मी ते गिळले.

दवाखान्यातून आल्यावर आबा तुला म्हणाले, "आपलं हत्यार आपण बघून घ्यायचं. धार न बघता हातात घेतलीस, चूक तुझी." आणि तू म्हणालास, "हो."

त्रेचाळीस वर्षे मी त्या 'हो'चा विचार करतो आहे. पात्यावर काळ्या रंगाचा डाग राहिला असणार. मी घाईने पुसले होते. माझी पट्टी त्या आठवड्यात नव्यासारखी काळी दिसत होती. तुला दोन आणि दोन जोडता येतात. तरी तू ती पटाशी टाकून दिली नाहीस, तिच्यावरच हात बसवलास, आणि मला कॉलेजात घालण्यावरून आबा अडले तेव्हा "त्याला शिकू दे, मी आहे दुकानाला" असे म्हणालास. त्यानंतर आपण भांडलो कधीच नाही. फक्त तू 'बरं' म्हणायला लागलास आणि मी फक्त सणावारी यायला लागलो.

आता ऐक, हे सारे मी रडगाणे म्हणून लिहीत नाही. लिहायला बसलो तो आनंदाच्या भरात, कारण त्या भित्रेपणानेच वाट दाखवली. मी धार न लावलेली एकच पटाशी, आणि तुझा कल फक्त तिच्यावर शिल्लक. ती अकरांचा नमुना झाली.

कोनमापक लावून मी तिची कड सात वेळा मोजली. सातही वेळा थोडे वेगळे माप आले, तीन ते चार अंशांच्या मध्ये; निसण्यावरची कड ती, यंत्रावरची नव्हे. सरासरी साडेतीन. मला ते पटेना. सरासरीने हात चालत नाही. पॉलिशवाला म्हणाला, "साहेब, मोजणं थांबवा. धरून बघा."

मग मी डावी तर्जनी वरच्या पेरापासून दुमडली आणि चिकटपट्टीने घट्ट बांधली. तशा हाताने लाल मूठ धरली. मधले बोट पुढे आले, मनगट जरा वळले, आणि पटाशी आपली आपण कलली. मी तिला सांगितले नाही, तिने मला विचारले नाही. कड लाकडावर ठेवली तर सपाट, दोन्ही कोपरे एकदम टेकलेले. माझा हात तसाच राहिला. पॉलिशवाल्याने विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "बसली." तुझ्या हातात मी प्रथमच होतो, दादा, आणि तिथे किती अडचण आहे आणि तरी किती पक्के आहे, हे मला कळले.

पकड काटकोनाशिवाय काही जाणत नाही, म्हणून मी एक पाचर केली. सागाच्या तुकड्याची, बोटाएवढी, एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ, कल साडेतीन अंश. ती पाते आणि पकडीच्या कडेमध्ये सारली की यंत्र तिरपे लावते. आयुष्यात मी लाकडाची केलेली ही पहिली वस्तू. पाच फुकट गेल्या, सहावी जमली. आबा म्हणायचे, याच्या हातात काही नाही. सहावी पाचर बाकावर ठेवली आहे, बघ.

गेल्या चार सकाळी अकराही पटाश्या पुन्हा लावल्या. प्रत्येक पटाशी बोट बांधून, धरून, लाकडावर टेकवून पाहिली. दोन पुन्हा कराव्या लागल्या. माझ्या आगाऊपणात तुझे पोलाद गेले, सगळ्यांचे मिळून सुमारे पावणेदोन बोटे. ते परत येणार नाही. बाकी सगळे परत आणले आहे, निदान तसे मला वाटते. पण माझा हात बांधलेला होता आणि तुझा खरा आहे, तेव्हा निकाल तुझ्याकडे.

आता मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. सोमवारी सकाळी तू दुकानात येशील. मीही असेन, हाक मारशील तर आत, नाहीतर खिडकीपाशी. तू अकरांतली कुठलीही घे. ती हातात बसली नाही, तर हात गेला असे समजू नकोस. चूक हाताची नाही. चूक माझी आहे. मी कड बिघडवली आणि दुरुस्त करताना कुठेतरी कमी पडलो. मी पुन्हा लावीन, पुन्हा नाही बसली तर पुन्हा, जोवर ती बसत नाही तोवर. तीन वेळा लावूनही बसली नाही, तरच मनगटाबद्दल बोलू, आणि तेव्हाही दोघे मिळून. हे मी लेखी देत आहे. तेव्हाही आणि आताही चूक माझी, असे या पत्राला जोडून वाचावे.

बारावी मी तशीच, धार गेलेली, ठेवली आहे. दगड भिजवून ठेवीन, यंत्र जुळवून ठेवीन, पाचर शेजारी असेल. तिला धार तू लाव, किंवा मला शिकवून माझ्याकडून लावून घे. यंत्रावर, नाहीतर निसण्यावर आठाचा आकडा काढत. मला दोन्ही चालेल. दोन्ही चालेल असे मी आयुष्यात क्वचितच लिहिले आहे.

तोवर एवढेच सांगायचे आहे, आणि वेळेवर सांगतो आहे. लाल मुठीची बाकावर उजवीकडे आहे.

दादा, ही बोथट आहे, सांभाळून.

तुझाच,
मोजपट्टी